पेटीतले सूर

आमच्या कोर्लईच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. पावसाळा सरला की माळ्यावरच्या वस्तू उन्हात घालायच्या, हा आईचा शिरस्ता आम्ही तिघा भावंडांनी तिच्यामागेही चालू ठेवला. ही एक पेटी मात्र आम्ही वर्षानुवर्षे नुसती पुसून परत जागेवर ठेवीत आलो. तीत आमच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या वह्या होत्या. ती का उघडायची नाही, हे आम्ही एकमेकांना कधी विचारले नाही. कारण तिघांनाही ठाऊक होते, आणि त्या कारणात आमचाही वाटा होता.

कोर्लई गाव ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगावेसे वाटतात. कुंडलिकेच्या खाडीच्या उत्तर तीरावर रेवदंडा, दक्षिणेस समुद्रात घुसलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी आमची वस्ती. १७४० साली पोर्तुगीज चौलचा मुलूख सोडून गेले. आमचे पूर्वज मात्र येथेच राहिले. शेती, मासेमारी, माउंट कार्मेल मातेचे मंदिर आणि एक बोली एवढे त्यांच्यापाशी उरले. ती बोली आम्ही आजही घरात बोलतो. तिचे बरेचसे शब्द पोर्तुगीज आहेत, पण वाक्याची ठेवण हळूहळू मराठीच्या वळणावर गेली आहे. क्रियापद आम्ही मराठीप्रमाणे शेवटी ठेवतो. शाळेत आम्ही मराठी शिकलो, प्रार्थनाही आता मराठीत करतो. बाहेरच्या कुणी ही भेसळीची भाषा म्हटले की आम्हांस राग येई. गंमत अशी, की हाच शब्द एके दिवशी आमच्याच घरात आमच्याच माणसाविरुद्ध वापरला गेला.

वडील मंदिराच्या गायनवृंदाचे प्रमुख होते. दिवसा शेत, आणि रविवारी व सणासुदीला फिडल. पाश्चात्त्य स्वरलिपी ते लहानपणी गोव्याकडील एका शिक्षकाकडून शिकले होते, आणि शिस्तीला अतिशय कडक होते. कागदावर नसलेला स्वर कुणी वाजविला की ते गज खाली ठेवून त्याच्याकडे नुसते पाहत. दादा त्यांचाच शिष्य. शिक्षण आटोपून तो मुंबईला गेला, माझगावात नातेवाइकांकडे राहू लागला, दिवसा कचेरीत कारकुनी करू लागला आणि रात्री लग्नसमारंभांतून गिटार वाजवू लागला. त्या काळच्या मुंबईत वाजविणाऱ्याला काम मिळे. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळा गोव्याच्या वादकांनी गजबजलेल्या होत्या. आमच्या मराठी सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) मध्ये चिक चॉकलेट यांनी आपला वाद्यवृंद वाजविला, तेव्हापासून ट्रम्पेट आणि ढोलक एकत्र ऐकण्याची सवय देशाच्या कानाला लागली होती.

१९६८ च्या नाताळात दादा घरी आला. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. रेवदंड्याहून होडीने येताना त्याने बॅटरीवर चालणारा रेकॉर्डप्लेअर छातीशी धरून आणला होता, आणि सोबत एक तबकडी. जहाजावर नोकरी करणाऱ्या मित्राने ती लंडनहून आणून दिली होती. ‘इंडो-जॅझ स्वीट’ हे तिचे नाव. १९६६ साली ती प्रसिद्ध झाली होती.

ती ज्यांनी घडविली त्या संचाची हकिकत दादाने आम्हांस त्या रात्री ओट्यावर बसून सांगितली. पुढे आम्ही ती स्वतः वाचून पुरी केली. जॉन मेयर हे कलकत्त्याचे. १९३० साली जन्मलेले हे व्हायोलिनवादक शिष्यवृत्तीवर लंडनला गेले आणि तेथील मोठ्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. जो हॅरियट हा जमैकाचा कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादक. आपल्या वाचकांना विशेष वाटेल ते हे, की हा पोरका मुलगा किंग्स्टन येथील आल्फा या शाळेत वाढला, आणि ती शाळा कॅथलिक धर्मभगिनी चालवीत. त्या भगिनींनी अनाथ मुलांच्या हाती वाद्ये दिली, आणि तेथून जगाला कितीतरी वादक मिळाले. डेनिस प्रेस्टन या लंडनच्या निर्मात्याने या दोघांस एकत्र आणले. हॅरियट यांचे पाच जॅझवादक आणि मेयर यांचे पाच वादक मिळून दहा जणांचा संच उभा राहिला आणि पुढे ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ या नावाने ओळखला गेला. त्यात तबल्यावर होते आपले केशव साठे. १९२८ साली मुंबईत जन्मलेला हा मराठी तबलजी १९५६ मध्ये लंडनला गेला होता.

असे दहा जण एकत्र बसविणे सोपे नाही. आपल्या रागसंगीताला एक षड्ज असतो. तंबोरा तो धरून बसतो आणि गायक कितीही दूर गेला तरी तेथेच परत येतो. पाश्चात्त्य संगीतात एका वेळी अनेक स्वर एकत्र वाजतात, आणि हे स्वरसंघ पावलागणिक बदलत जातात. संघ बदलला की त्यात रागाला वर्ज्य असलेला स्वर शिरण्याची भीती. तालाचेही तसेच. जॅझचे वादक बहुधा चार मात्रांत वाढलेले. त्यांना सात किंवा दहा मात्रांचे आवर्तन नवे होते. मेयर यांनी यावर कागदाचा उपाय काढला. रागाचे स्वर आणि तालाचे हिशेब त्यांनी पाश्चात्त्य स्वरलिपीत बांधून दिले आणि त्या कुंपणाच्या आत जॅझवादकांना आयत्या वेळच्या विस्तारासाठी मोकळे सोडले. आपल्या गवयाच्या आलापतानांना आणि जॅझवादकाच्या विस्ताराला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे समेचे भान. तेवढ्या एका समान गोष्टीवर त्यांनी ही सारी इमारत उभारली.

दादा हे सांगत असता त्याचे डोळे चमकत होते. वडील झोपाळ्यावर बसून ऐकत होते. तबकडीची एक बाजू संपली तेव्हा ते आमच्या बोलीत जे म्हणाले त्याचा मराठीत अर्थ असा, “ही मिस्सा नव्हे आणि भजनही नव्हे. ही भेसळ आहे.”

एवढ्यावर भागले असते. पण दादाने दुसऱ्या दिवशी विषय काढला, की मध्यरात्रीच्या मिस्सेत एक गीत तबल्यावर बसवू या. रेवदंड्याचा एक शाळकरी मित्र वाजवायला तयार आहे. त्याच्या म्हणण्याला आधार होता. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात ऑर्गनचा मान राखूनच, मिशनच्या प्रदेशांतील लोकांची स्वतःची संगीतपरंपरा उपासनेत योग्य स्थानी असावी असे म्हटले होते. दादाने तो उतारा वहीत लिहून आणला होता. वडिलांनी वही हातात घेतली नाही. “मंदिरात काय वाजेल ते मंदिर ठरवील, माझगाव ठरविणार नाही,” ते म्हणाले. शेजारची चार वडीलधारी माणसे बसली होती. तीही माना डोलावू लागली. दादाने आमच्याकडे पाहिले. आदल्या रात्री त्या तबल्यावर आम्ही तिघांनी मांडीवर ठेका धरला होता. आता आम्ही खाली पाहिले.

त्या नाताळच्या रात्री दादा मिस्सेला मागच्या बाकावर बसला. सकाळच्या होडीने तो गेला. पुढे तो येई, पण पाहुण्यासारखा. वाद्य घेऊन आला नाही. वडील १९८३ मध्ये वारले. त्यानंतर दादा निवृत्त होऊन घरी राहावयास आला आणि ती पेटी माळ्यावर गेली. आमच्यात कधी भांडण झाले नाही, आणि त्या रात्रीविषयी बोलणेही झाले नाही. २००१ साली दादा गेला.

त्या संचाचे पुढे काय झाले? ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ची आणखी दोन ध्वनिमुद्रणे १९६७ व १९६८ मध्ये आली, सभागृहे भरली, वृत्तपत्रांनी स्तुती केली, आणि मग संच विस्कटला. जो हॅरियट १९७३ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने आणि हलाखीत गेले. केशव साठ्यांचा तबला मात्र थांबला नाही. १९७७ साली जॉन रेनबर्न यांच्या संचात तो चक्क जुन्या इंग्रजी लोकगीतांच्या साथीला वाजला. मेयर बर्मिंगहॅम येथे शिकवू लागले, आणि १९९० नंतरच्या दशकात तरुण वादकांना घेऊन त्यांनी तोच संच त्याच नावाने पुन्हा उभा केला. २००४ मध्ये लंडनच्या रस्त्यावर मोटारीच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला. एका संचाचे आयुष्य हे असे. पहिला बहर पाचसहा वर्षांचा, मधली शांतता वीसेक वर्षांची.

आता ती पेटी आम्ही का उघडली ते सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबराच्या उन्हात आम्ही माळ्यावरचे सामान पसरून बसलो होतो. मुंबईचा भाचा सुटीला आला होता. त्याने आपल्या मोबाईलवर काहीतरी लावले आणि म्हणाला, “ओळखा, ह्याचे नाव काय?” गिटार, सॅक्सोफोन, सतार आणि तबला. आम्हांस ओळखता आले नाही. तो म्हणाला, “कोंकण डान्स.”

कोकणचे नाव ऐकताच आम्ही सावरून बसलो. गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांची ती रचना होती. १९३६ साली मुंबईत एका गोमंतकीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हॉटेलांतून वाजवीत ते मोठे झाले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्यांचे वादन ऐकून त्यांना गिब्सन कंपनीची गिटार घेऊन दिली. १९६७ मध्ये ते पत्नी आणि मुलासह लंडनला गेले. तेथे त्याच प्रेस्टन यांनी त्यांना ध्वनिमुद्रणाची संधी दिली. १९६९ साली ‘इंटिग्रेशन’ ही तबकडी निघाली. तिच्यात ‘गँजेस’ आणि ‘जयपूर’ या नावांच्या रचना आहेत. त्याच वर्षी जो हॅरियट यांच्यासह ‘हम दोनो’ आली. १९७२ मध्ये ‘कॉस्मिक आय’ या नावाने त्यांनी संच बांधला, आणि त्यातही तबल्यावर केशव साठेच होते. त्याच वर्षी ‘कोंकण डान्स’ ध्वनिमुद्रित झाली. त्यातील एका रचनेचे नाव ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’ असे आहे. लंडनच्या थंडीत बसून या माणसाने मुंबईचा रस्ता आणि कोकणचा नाच गिटारवर आठवला, आणि ते ध्वनिमुद्रण कपाटात पडून राहिले. वर्षामागून वर्षे गेली. अमान्सिओ मुलांना संगीत शिकवीत राहिले आणि १९९६ मध्ये वारले. ‘कोंकण डान्स’ प्रसिद्ध झाली २००६ साली, ध्वनिमुद्रणानंतर चौतीस वर्षांनी आणि रचनाकाराच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

भाचा हे सांगून थांबला. आम्ही तिघांनी एकाच वेळी पेटीकडे पाहिले.

अशा संगीताला नशीब कमी, असे सरसकट म्हणता येणार नाही. माहीमच्या सेंट मायकल शाळेत शिकलेल्या झाकीर हुसेन यांनी जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्याबरोबर १९७५ च्या सुमारास ‘शक्ती’ हा संच उभारला; त्या संचाच्या नव्या ध्वनिमुद्रणाला २०२४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले. एकाला जगाचे व्यासपीठ मिळाले, दुसऱ्याला कपाट. दोघांचे श्रम मात्र एकाच जातीचे होते. आपल्या परंपरेत तर हे श्रम त्याहूनही जुने आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले. हजारो ओव्यांत, मराठीत, एका इंग्रजाने ख्रिस्ताची कथा गाईली. त्याला आजवर आपल्यापैकी कुणी भेसळ म्हटले नाही. एक इंग्रज येथे येऊन ओवी शिकला, आणि तीनशे पन्नास वर्षांनी एक गोमंतकीय इंग्लंडात जाऊन कोकण वाजवू लागला; दोघेही दुसऱ्याच्या घरात गेले ते आपले घर न विसरता. वडिलांना त्या रात्री हे कुणीतरी सांगावयास हवे होते. आम्हांला ‘ख्रिस्तपुराण’ शाळेपासून माहीत होते.

पेटीचे कुलूप गंजले होते, ते तोडावे लागले. आत सात वह्या, वाळवीने दोन खाल्लेल्या. एका वहीत स्तोत्र १५० ची चाल होती. देवाच्या स्तुतीसाठी तंतुवाद्ये, झांजा, डफ असे सर्वांना बोलावणारे हे स्तोत्र दादाने निवडावे याचे आम्हांस नवल वाटले नाही. डाव्या पानावर पाश्चात्त्य स्वरलिपी, उजव्या पानावर सारेगम. आमच्यापैकी कुणालाच दोन्ही पाने नीट वाचता येईनात. मंदिरात ऑर्गन वाजविणारी एक मुलगी आणि भजने शिकविणारे एक गुरुजी यांना आम्ही घरी बोलाविले. मुलगी डावे पान वाजवी, गुरुजी उजवे पान गात, आणि चूक कोठे आहे ते दोघे मिळून शोधीत. राग भूप, ताल रूपक. भूपात सा रे ग प ध एवढेच पाच स्वर; मध्यम आणि निषाद वर्ज्य. रूपकाच्या सात मात्रा.

दुसऱ्या व्हायोलिनच्या ओळीशी येताच मुलगी थांबली. “हे अक्षर वेगळे आहे,” ती म्हणाली. “इथे कुणीतरी पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे.”

आम्ही चष्मे लावून पाहिले. दादाने स्वरसंघ भरण्यासाठी त्या ओळीत चार ठिकाणी निषाद घातला होता. चारही ठिकाणी त्याभोवती बारीक वर्तुळ काढून त्याऐवजी पंचम लिहिला होता. पानाच्या वर दादाने पाच स्वरांची नावे लिहिली होती, त्याखाली त्याच पेन्सिलीने आमच्या बोलीत एक वाक्य होते. अर्थ असा, “पाचच म्हणतोस, तर पाचच ठेव.” उजवीकडे कललेले ते अक्षर आम्हांस ओळखावे लागले नाही. पानाच्या कोपऱ्यात तारीख होती, १९७४ मधली.

म्हणजे दादाने ते पान वडिलांना पाठविले होते. वडिलांनी ते वाचले होते, फिडलवर वाजवूनही पाहिले असले पाहिजे, आणि दुरुस्त करून परत पाठविले होते. जो माणूस तबल्याला भेसळ म्हणाला, त्यानेच रागात शिरलेला परका स्वर हुडकून बाहेर काढला होता. दोघांनीही हे आम्हांस सांगितले नाही. कदाचित त्या रात्री आम्ही ज्या बाजूला बसलो होतो, त्या बाजूच्या माणसांना सांगण्यासारखे ते त्यांना वाटले नसावे. वडिलांचा नकार आम्ही इतकी वर्षे जपून ठेवला होता. त्यांनी स्वतः तो केव्हाच मागे घेतला होता.

गेल्या ईस्टरच्या रविवारी, मिस्सा संपल्यावर, धर्मगुरूंच्या परवानगीने ते स्तोत्र मंदिरात गाईले गेले. ऑर्गन, दोन व्हायोलिने, झांज आणि तबला. तबला वाजविणारा मुलगा रेवदंड्याचा. शेवटचे पान दादाने पुरे केलेले नाही. तेथे फक्त एक ते सात आकडे आठ वेळा लिहिलेले आहेत, स्वर एकही नाही. काय करावे यावर बराच विचार झाला. गुरुजी म्हणाले, जे लिहिले आहे तेवढेच वाजवू या. त्याप्रमाणे शेवटची आठ आवर्तने तबला एकटाच वाजला, आणि मंडळी उभ्याने ऐकत राहिली. आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंनी बाहेर आल्यावर विचारले, “ही चाल आपल्याकडची का?” आम्ही होय म्हणालो.

या किनाऱ्यावर चौलपासून पुढे किती तरी ख्रिस्ती घरांत अशा वह्या असतील. कुणाच्या आजोबांनी बॅण्डसाठी लिहिलेल्या, कुणाच्या मावशीने गायनवृंदासाठी उतरवून घेतलेल्या. रद्दी म्हणून त्या देऊ नयेत, एवढी आमची विनंती आहे. वाचता येत नसल्या तरी त्या उघडाव्यात आणि ज्याला वाचता येतात त्याला घरी बोलवावे. आमच्याकडे अजून सहा वह्या बाकी आहेत. वाळवीने खाल्लेल्या दोन वह्यांतील काही पाने सुटी झाली आहेत; ती कोणत्या गीताची, हे अजून लागलेले नाही. मुलगी आणि गुरुजी दर शनिवारी येतात.